दहाव्याच्या मोटारी

गेल्या हिवाळ्यात कुकडीच्या काठी, बोरी बुद्रुक येथे, एका दशक्रियेस आम्ही हजर होतो. वारलेल्या बाई आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आजी, वय सत्त्याहत्तर. जुन्नर-आंबेगाव भागात दहाव्याचा विधी हा आता केवळ घरच्या माणसांचा राहिलेला नाही, हे ज्यांस ठाऊक नसेल त्यांनी तो एकदा अवश्य पाहावा. नदीच्या घाटावर मांडव पडतो, ध्वनिक्षेपक लागतो, प्रवचनकार येतात. प्रवचन आटोपते न आटोपते तोच श्रद्धांजलीची भाषणे सुरू होतात, आणि आजी सदस्य, माजी सदस्य, संचालक, भावी उमेदवार अशा क्रमाने नावे पुकारली जातात. पिंडाला कावळा शिवण्यास त्या दिवशी उशीर लागत होता. आम्ही वेळ घालविण्याकरिता वरच्या अंगास रस्त्याकडेने उभ्या असलेल्या मोटारी मोजू लागलो. त्रेचाळीस मोजल्या आणि पुढे मोजण्याचे सोडून दिले. कारण तेवढ्यात विद्यार्थ्याचे चुलते शेजारी येऊन उभे राहिले व बोलू लागले.

“आठवड्यातनं दोनदा मशिनवर न्यावं लागायचं, सर,” ते म्हणाले. “पहिलं चार महिनं जमलं. मग कांद्याची लागण आली, गाडी मिळंना. कधी एकच खेप व्हायची. कधी तीबी नाही. शेवटाला म्हातारीच म्हणाली, राहू द्या आता, कुणाला किती सांगायचं.”

मूत्रपिंडाच्या विकाराने मृत्यू, असे दाखल्यावर लिहिलेले असेल, आणि वैद्यकाच्या दृष्टीने ते खरेही असेल. त्या वयात, त्या आजारात, यंत्रावर नियमाने गेल्या असत्या तरी त्या आणखी किती दिवस काढत्या, हे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. कदाचित एक वर्ष, कदाचित दोन. हे सर्व मान्य करूनही आमचे मत असे की, ती म्हातारी मोटारीवाचून मेली. आणि ज्या मोटारीवाचून मेली त्या मोटारी तिच्या दहाव्यास वेळेवर, धुऊनपुसून, हजर होत्या.

बोरी हे गाव शास्त्रज्ञांस एका निराळ्याच कारणाने परिचित आहे. तेथील नदीकाठच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा एक पट्टा सापडतो. ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या स्फोटातली, असे एक मत. ती त्याहूनही कितीतरी पुरातन असली पाहिजे, असे दुसरे. राखेखालील दगडी हत्यारांचे वय किती मानावे हे त्यावर अवलंबून असल्यामुळे विद्वानांत हा वाद चांगलाच रंगलेला आहे. आमचा त्यात अधिकार नाही. परंतु तीन हजारांहून अधिक किलोमीटरांवरून, समुद्र ओलांडून, राख ज्या गावी येऊन पोहोचली, त्या गावातील एका म्हातारीस तासाभराच्या वाटेवर नेण्यास वाहन मिळू नये, हा विचार घाटावर उभे असताना मनातून जाईना.

हा लेख बोरीकरांविरुद्ध आहे, असा कोणी ग्रह करून घेऊ नये. बोरी इतर गावांहून वाईट नाही. त्या घरची माणसे तर आमच्या पाहण्यातील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांहून अधिक मायाळू आहेत. पुण्याच्या कोथरुडात किंवा मुंबईच्या पार्ल्यात तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ डोळ्यांची तपासणी महिनोन्महिने पुढे ढकलतात, आणि त्यांच्याच इमारतीच्या तळाशी आठवड्यातील पाच दिवस मोटारी धूळ खात उभ्या असतात, हे वाचकांनी आपापल्या जिन्यावरून खाली डोकावून पाहिले तरी पुरे. खेड्यात निदान दहाव्याला तरी माणसे येतात.

प्रस्तुत विषय आम्ही एका स्नेहमंडळीत काढला, तेव्हा एका विद्वान गृहस्थांनी जे उत्तर दिले ते आमच्या समाजाचे प्रातिनिधिक उत्तर असल्यामुळे त्याचा समाचार घेणे भाग आहे. ते म्हणाले, “आईबापांस दवाखान्यात नेणे हे मुलाचे कर्तव्य. त्यासाठी स्वयंसेवक कशाला? उद्या तुम्ही त्यांस जेवू घालावयासही मंडळ काढाल! ही पाश्चात्त्यांची थेरे. त्यांच्याकडे मुले आईबापांस विचारीत नाहीत, म्हणून परक्यांनी गाड्या हाकाव्या लागतात.” मंडळीने माना डोलावल्या. श्रावणबाळाचे नाव निघाले. श्रावणबाळाचे नाव निघाले की आमच्याकडे विचार थांबतो.

श्रावणबाळाची थोरवी आम्हांसही मान्य आहे. परंतु त्याच्या कथेतील एक गोष्ट त्याचे भक्त विसरतात: कावड त्याच्या खांद्यावर होती आणि त्याला दुसरा उद्योग नव्हता. आजचा श्रावण चाकणच्या कारखान्यात पाळीवर असतो. पाळी चुकविली तर रोज बुडतो; चार वेळा चुकविली तर नोकरी बुडते. त्याची बहीण सासरी, त्याची बायको गोठा, मूल आणि कांद्याची काढणी यांत गुंतलेली. धाकटा भाऊ असलाच तर तो नवी मुंबईस. हे वाचणाऱ्या आमच्या वर्गातील श्रावणांविषयी तर बोलूच नये. ते ह्यूस्टनला, सिडनीला किंवा बंगळूरला असतात, आणि आईच्या औषधाचे पैसे भ्रमणध्वनीवरून क्षणात पाठवितात. पैसे पाठविता येतात. जिना उतरताना धरावयाचा हात तसा पाठविता येत नाही. २०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रातील दर शंभर माणसांत जवळजवळ दहा साठी ओलांडलेली निघाली. तरुणांस शहरांनी ओढून नेलेल्या खेड्यांत म्हाताऱ्यांचा भरणा अधिकच असावयाचा. मुलगा जवळ नसणे हा आता अपवाद नव्हे, आणि मुलाचे कर्तव्य काय हा प्रश्न मुलाच्या शाळेत विचारावयाचा. सोमवारी सकाळी सात वाजता म्हातारीला कोण नेणार, हा प्रश्न वेगळा आहे. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा सुटत नाही.

हे ‘नेणे’ म्हणजे काय, याचीही आमच्या धडधाकट मंडळीस कल्पना नसते. यंत्राने रक्त शुद्ध करून घेणाऱ्या रोग्यास आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा जावे लागते. प्रत्येक खेपेस सुमारे चार तास तो यंत्रास जोडलेला असतो. उठतो तेव्हा त्याच्या अंगात त्राण उरत नाही, पुष्कळदा रक्तदाब उतरून भोवळ येते. म्हणजे वर्षाकाठी शंभर-दीडशे वाऱ्या, आणि परतीची प्रत्येक वारी जाण्याच्या वारीहून अवघड. कर्करोगावरील किरणोपचार म्हटले तर आठवड्यातील पाच दिवस, आणि असे कित्येक आठवडे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची. परंतु दुसऱ्या दिवशी तपासणी, आठवड्याने तपासणी, महिन्याने तपासणी. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्यास. आजार एकदाच होतो. जाणे पुन्हा पुन्हा असते. शेजारी एकदा येतो, दोनदा येतो. तिसऱ्या खेपेस त्यालाच अडचण असते, आणि चौथ्या खेपेस विचारण्याची म्हातारीस लाज वाटते.

आता सरकारने काय केले ते पाहू. सरकारने काहीच केले नाही असे म्हणण्याची आमच्याकडे रीत आहे. ती आम्हांस पसंत नाही. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. अपघात, सर्पदंश, हृदयविकाराचा झटका अशा वेळी ती येते, आणि तिने वाचविलेले प्राण आम्ही विसरणार नाही. परंतु ती आणीबाणीकरिता आहे. सोमवारच्या तपासणीकरिता नाही, आणि असूही नये. २०११ च्या जूनपासून गर्भवतीस घरून दवाखान्यात नेण्याचा आणि बाळंतिणीस परत घरी पोहोचविण्याचा खर्च सरकारने आपल्या शिरावर घेतला. म्हणजे ‘नेणे आणि आणणे’ हा उपचाराचाच भाग होय, हे तत्त्व सरकारास समजते. फक्त ते जन्माच्या टोकाशी समजते, दुसऱ्या टोकाशी नाही. गरिबांस यंत्राचा उपचार विनामूल्य मिळावा यासाठी २०१६ साली राष्ट्रीय योजना निघाली. यंत्र फुकट, वाट मात्र विकत. एस. टी. ने २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस प्रवास मोफत केला. त्यामुळे पंढरपूर आणि अक्कलकोट यांची गर्दी वाढली असेल तर आम्हांस आनंदच आहे. पण एस. टी. फाट्यावर थांबते. मळ्यातील घरापासून फाट्यापर्यंतची पाणंद पावसाळ्यात चिखलाची, हिवाळ्यात पहाटेच्या अंधाराची, आणि दोन्ही बाजूंस ऊस. त्या उसात बिबट्या असतो, ही जुन्नर तालुक्यात कविकल्पना नव्हे. भोवळ येणाऱ्या म्हातारीस त्या वाटेने पायी फाट्यावर आणा, आणि मग तिला सांगा की पुढचा प्रवास मोफत आहे.

आणि २००७ चा कायदा! आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाच्या या कायद्याचे विसावे कलम वैद्यकीय साहाय्याविषयी आहे. त्यात सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांस शक्यतो खाटा द्याव्यात, त्यांच्यासाठी स्वतंत्र रांग असावी, असे म्हटले आहे. हे कलम आम्ही दोनदा वाचले. रांगेची सोय आहे; रांगेपर्यंत पोहोचण्याविषयी एक अक्षर नाही. जो येऊन पोहोचला तो ज्येष्ठ नागरिक. जो घरी पडून राहिला त्याच्याविषयी कायद्यास काही म्हणावयाचे नाही.

परंतु सरकारला दोष देऊन मोकळे होणाऱ्यांत आम्हांस सामील व्हावयाचे नाही. कारण याच बाबतीत आमच्या दानधर्माची जी गोष्ट आहे ती अधिक बोचणारी आहे. महाराष्ट्रात दानत नाही असे कोण म्हणेल? पाणपोया आहेत, अन्नछत्रे आहेत, धर्मशाळा आहेत. गाडगेबाबांनी बांधविलेल्या धर्मशाळांनी किती गरिबांची डोकी झाकली, याची गणती नाही. दादरच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणारे रोगी व त्यांचे आप्त आजही राहतात. परळच्या नाना पालकर स्मृती समितीने १९६८ पासून तेच व्रत चालविले आहे. या संस्थांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. तथापि एक गोष्ट लक्षात घ्यावी. पाणपोई, अन्नछत्र, धर्मशाळा ही सर्व एका जागी बसलेली पुण्ये आहेत. जो चालत आला त्याला पाणी, अन्न, निवारा. वारकऱ्यांच्या मुलखात हे साहजिकच होते. येथे भक्त चालत देवाकडे जातो आणि दाता वाटेवर बसून त्याची सेवा करतो. ज्याला चालताच येत नाही त्याच्यासाठी आमच्या पुण्याच्या कल्पनेत जागा झाली नाही. दाता आपली जागा सोडून गरजवंताच्या दाराशी गेला, असे फार क्वचित घडले. गाडगेबाबा स्वतः आयुष्यभर फिरतीवर होते. त्यांच्या नावाने आम्ही इमारती सांभाळल्या, फिरणे सांभाळले नाही.

याच मनोवृत्तीचे आजचे रूप म्हणजे आरोग्य शिबिर. कोणाच्या तरी वाढदिवसानिमित्त मंडप, फलक, फलकावर सतरा छायाचित्रे, दोनशे म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजला, चाळिसांस सांगितले की तुम्हांस मोठ्या दवाखान्यात जावे लागेल. ते चाळीस पुढे गेले काय, हे विचारण्यास पुढल्या वाढदिवसापर्यंत कोणी येत नाही. आमच्या मते अशा शिबिराने निष्कारण क्रूरता होते: माणसास त्याचा रोग सांगावयाचा आणि वाट दाखवावयाची नाही.

निराळे उदाहरण याच तालुक्यात आहे, आणि ते न सांगणे अन्याय होईल. नारायणगाव येथे डॉ. मनोहर डोळे यांनी मोहन ठुसे नेत्ररुग्णालय उभारले. २०२४ साली त्यांस पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईच्या पुष्कळांनी ते नाव प्रथमच ऐकले असेल, खेड्यातील म्हाताऱ्यांनी ते फार पूर्वी ऐकले होते. मोतीबिंदूच्या अशा चांगल्या कामाची पद्धत पाहिली तर असे दिसते की, गावोगाव जाऊन रोगी निवडणे, त्यास वाहनाने आणणे, शस्त्रक्रिया करणे आणि परत गावी पोहोचविणे ही एकच साखळी मानलेली असते. वाहन ही तेथे डॉक्टरांची मेहेरबानी नव्हे. ते शस्त्रक्रियेच्या हत्यारांपैकीच एक हत्यार आहे. ते काढून घ्या, आणि मग कितीही निष्णात शस्त्रवैद्य बसवा, टेबल रिकामे राहील.

वाहने नाहीत, हे म्हणणे तर कोणी काढूच नये. मतदानाच्या दिवशी काय होते? लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्याने उमेदवाराने मतदारांस फुकट वाहनातून केंद्रावर नेणे हा भ्रष्टाचार ठरविला आहे. असे असता ज्या म्हाताऱ्यास वर्षभर कोणी विचारले नाही, त्याच्या दारी त्या दिवशी सकाळी जीप उभी राहते आणि दोघे जण त्यास काखेत हात घालून उतरवितात, हे दृश्य आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. कायद्याने जे निषिद्ध, ते करावयास वाहन मिळते, चालक मिळतो, पेट्रोल मिळते. दवाखान्यात नेणे कोणत्याही कायद्याने निषिद्ध नाही. तेवढ्यासाठीच मिळत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांचे मत त्यांच्या घरी येऊन घेण्याची सोय झाली. चांगलेच झाले. मत किंमतीचे असते म्हणून त्यासाठी अधिकारी पेटी घेऊन घरी येतात. मूत्रपिंडास मताचा अधिकार नाही.

मग अडचण कोठे आहे? आमच्या समजुतीप्रमाणे ती अडचण मोटारीत नाही, पैशात नाही, माणुसकीतही नाही. ती एका शब्दात आहे: उपकार. ‘कुणाला किती सांगायचं’ हे त्या आजींचे वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा मनात घोळविले. त्यांना नेणारे कोणी नव्हतेच असे नाही. मागितले असते तर चौघे आले असते. पण प्रत्येक खेपेस मागावे लागत होते. प्रत्येक मागण्याने त्या थोड्या मिंध्या होत होत्या, आणि जन्मभर ज्यांनी कोणाचे देणे ठेवले नाही अशा माणसास यंत्रापेक्षा मिंधेपण अधिक दुखते. आमचे विद्वान स्नेही ज्यास संस्कृती म्हणतात, ती मुलाच्या कर्तव्याची भाषा येथे उलट घात करते. परक्याची मदत घ्यावी तर मुलाची बेअब्रू. मुलास बोलवावे तर त्याची पाळी बुडणार. म्हातारी मधला मार्ग काढते: बरे वाटते म्हणते. खोटे बोलून ती मुलाची अब्रूही राखते आणि नोकरीही.

या उपकाराच्या रोगावर आमच्या पूर्वजांपाशी औषध होते, आणि ते पाश्चात्त्यांकडून आणावयाचे कारण नाही. ज्या शेतकऱ्याकडे एकच बैल असे तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करी. आज तुझे रान, उद्या माझे. सावडीत कोणी कोणाचा मिंधा नसे. कारण मागण्याचा प्रसंगच येत नसे, पाळी येत असे. मोठ्या कामास इर्जिक घालीत. सारे गाव एका रानात उतरे आणि धनी जेवण घाली. ज्या म्हाताऱ्यांविषयी आम्ही लिहीत आहोत, त्यांनी तरुणपणी एकमेकांच्या रानात असेच हात घातले आहेत. आज मोटारीत बसणे हे त्यांनी आधीच करून ठेवलेल्या सावडीची परतफेड होय, असे त्यांस सांगता आले पाहिजे. आणि ते खोटेही नाही. पाळी म्हणजे काय, हे कुकडीच्या कालव्यावरील शेतकऱ्यास प्राध्यापकाने शिकविण्याची गरज नाही. पाण्याची पाळी मध्यरात्री दोन वाजता आली तरी तो दोन वाजता बांधावर असतो. जी निष्ठा पाण्याच्या पाळीस, ती म्हातारीच्या पाळीस मिळावी, एवढेच आमचे मागणे.

तेव्हा आमची योजना साधी आहे. गावात दोन वेळा सर्वांच्या वाटा जेथे मिळतात ते ठिकाण म्हणजे दूध संकलन केंद्र. तेथे एक वही असावी. डाव्या पानावर कोणास, कोणत्या दिवशी, कोणत्या दवाखान्यात; उजव्या पानावर मोटार कोणाची. महिन्याच्या आरंभी पाळ्या लावाव्यात. गावात पंचवीस मोटारी असल्या आणि आठवड्यास सहा खेपा असल्या, तर एका मोटारीच्या वाट्यास महिन्यातून एक खेप येते. याहून हलके पुण्य आम्हांस ठाऊक नाही. नेणाऱ्याने मात्र आपण सारथी आहोत एवढेच समजू नये. म्हातारीस दारातून धरून आणणे, दवाखान्यात कागद दाखविणे, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकून घरच्यांस सांगणे, गोळ्यांचे दुकान गाठणे, आणि परतीस ती उंबरठ्याच्या आत गेल्याशिवाय इंजिन न सुरू करणे, हे सर्व त्या पाळीत येते. ज्यांस चाक हाती घेता येत नाही, पण अक्षर ओळखता येते, अशा गावातील मुलींनी सोबत जावे. बाईमाणसास ते अधिक सोयीचे. शहरांतील गृहरचना संस्थांनी हीच वही पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवावी. आमच्या वयाच्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मंडळीस तर आता वेळ नाही ही सबबही उरलेली नाही.

पाश्चात्त्यांची थेरे म्हणून जे हिणविले जाते, त्याविषयी दोन शब्द. इंग्लंडात १९३८ साली स्त्रियांची एक स्वयंसेवक संघटना युद्धाच्या छायेत उभी राहिली. युद्ध संपले, संघटना राहिली, आणि म्हाताऱ्यांची ने-आण हे तिच्या कामांतील एक झाले. तेथे आपल्या मोटारीने रोग्यांस नेणारे स्वयंसेवक गावोगाव आहेत. त्यांस पेट्रोलापुरते मैलामागे काही मिळते, मजुरी मिळत नाही. ज्यांची मुले विचारीत नाहीत असे आम्ही म्हणतो, त्यांचे शेजारी विचारतात. आमची मुलेही विचारीत नाहीत आणि शेजारीही नाहीत. तरी टीका करावयास आम्ही मोकळे. पण इंग्लंड राहू द्या. केरळ तर आपलेच आहे. कोझिकोड येथे १९९३ साली असाध्य रोग्यांच्या वेदनाशमनासाठी संस्था निघाली. पुढे २००१ पासून मलप्पुरम भागात गल्लीगल्लीतील सामान्य माणसांनी ते काम आपल्या अंगावर घेतले. स्वयंसेवकांनी रोगी शोधावे, वर्गणी जमवावी, आणि परिचारिका वाहनातून घरोघर जावी. २००८ साली त्या राज्य सरकारने याविषयीचे धोरणच आखले. तेथे रोग्याने दवाखान्याकडे जाण्याऐवजी दवाखाना रोग्याकडे जातो. आमच्याकडे अजून पहिलीच पायरी व्हावयाची आहे.

कायद्याच्या काट्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण सज्जन माणसे त्यांसच भितात. खासगी मोटारीतून भाडे घेऊन उतारू नेता येत नाही. त्यास निराळा परवाना लागतो. सबब रोग्याकडून पैसा घेऊच नये. केवळ तिऱ्हाइतापुरता विमा उतरविलेल्या मोटारीत बसलेल्या माणसास त्या विम्याचे छत्र नसते. म्हणून पाळी घेणाऱ्याने सर्वंकष विमा उतरविलेलीच मोटार आणावी. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळाले आहे. साध्या तपासणीस नेणाऱ्याविषयी तसे स्पष्ट वचन त्यात नाही. वाटेत म्हातारीस काही झाले तर माझ्या गळ्यात येईल, ही जी भीती आहे ती निराधार नव्हे. आमदारांनी दहाव्याच्या भाषणांतून थोडी सवड काढून या एका ओळीची सोय विधिमंडळात केली, तर ती खरी श्रद्धांजली होईल. तोवर घरच्या माणसाची संमती वहीत लिहून घ्यावी.

हे सर्व आम्ही त्या विद्यार्थ्यास लिहिले होते. परवा त्याचे पत्र आले. वही सुरू झाली. पहिल्या महिन्यात सात मोटारी मिळाल्या, त्यांपैकी दोन ऐनवेळी फिरल्या. पहिली पाळी त्याने स्वतःच घेतली. वस्तीवरील एका म्हाताऱ्या गृहस्थांस डोळ्यांच्या तपासणीस नेले व परत आणले. उतरताना त्यांनी पन्नासाची नोट पुढे केली. ती त्याने घेतली नाही. तेव्हा ते घरात गेले, कांद्याची पिशवी भरून आणली आणि एक शब्द न बोलता मागच्या आसनावर ठेवून दिली. आता ही घ्यावी की परत करावी, आणि कायद्याने ही भाडे होते काय, असे त्याने आम्हांस विचारले आहे. कांदे मुकाट्याने ठेवून घे आणि पुढल्या पाळीस त्यांच्याच दारावरून जा, असे आम्ही त्यास उलट टपाली कळविले.